आतून बाहेर जाणाऱ्याची घंटी

धाकटीचं पत्र येऊन चार महिने उलटून गेले होते आणि मोजणीदारानं त्याला अजून उत्तर दिलं नव्हतं.

पत्र काही मोठं नव्हतं. एक कागद, तोही एकाच बाजूनं लिहिलेला. धाकटी म्हणजे त्याच्या बायकोची धाकटी बहीण. लांब शहरात शिवणाचा वर्ग चालवायची. कात्रीला जशी धार तशीच जिभेला. तिनं आडपडदा न ठेवता लिहिलं होतं, 'भाऊजी, मी फोन केला की तुम्ही म्हणता, ताई झोपली आहे. सकाळी अकराला झोपलेली, संध्याकाळी सहालाही झोपलेली. मागे एकदा फोन तिनंच उचलला, तर मला विचारते, तुम्ही कोणाकडच्या? फोनवर तुम्ही खोटं बोलता. कागदावर तुम्हाला ते जमायचं नाही, म्हणून पत्र लिहिते. तिला काही आठवतं की नाही, एवढंच लिहा. नसेल आठवत, तर मी येऊन तिला माझ्याकडे घेऊन जाते.'

शेवटचं वाक्य त्यानं दोनदा वाचलं होतं. ते पत्र त्यानं सदऱ्याच्या खिशात ठेवलं. सदरा बदलला की पत्रही नव्या सदऱ्यात जायचं. घडीवर कागद विरत आला होता. दर दोन-चार दिवसांनी तो उत्तर लिहायला बसायचा, 'ती बरी आहे' एवढे तीन शब्द लिहायचा आणि कागद फाडायचा. तीस वर्षं त्यानं मोजणीची साखळी ओढत लोकांची शेतं मोजली होती. एका हाताच्या बांधावरून डोकी फुटायची वेळ आली, की गाव म्हणायचं, मोजणीदाराला बोलवा. कारण त्याच्या नकाशावर नसलेली रेघ कधी उमटली नव्हती. धाकटीनं त्याला बरोबर ओळखलं होतं.

बायकोचं हे सुरू झालं तेव्हा ध्यानातही आलं नाही. भाजीत दोनदा मीठ पडायचं. मग चपला धान्याच्या कणगीत सापडल्या. मग ती त्याच्याकडे पाहून ओळखीचं हसायची बंद झाली आणि पाहुण्याकडे पाहून हसावं तशी हसायला लागली. तेही त्यानं गिळलं. पण गेल्या उन्हाळ्यापासून तिनं चालायला सुरुवात केली. मागच्या दारानं निघायची आणि सरळ चालत राहायची. कुठे निघालीस म्हणून विचारलं की म्हणायची, उशीर झालाय.

घर गावाच्या टोकाला. पुढे रस्ता आणि मागे विहीर. विहिरीच्या पलीकडे मका, मक्यापलीकडे दुसऱ्यांची शेतं, ती थेट टेकडीच्या पायथ्यापर्यंत. विहीर जुनी, तोंड एवढं रुंद की झाकायची सोय नाही, आणि कठडा गुडघ्याएवढा. त्या कठड्यापासून त्यानं तिला दोनदा हाताला धरून माघारी आणलं होतं. मागच्या दाराला कुलूप लावून पाहिलं. तर ती दिवसभर दार बडवत राहिली आणि संध्याकाळी तिचे तळहात सुजून लाल झालेले त्याला दिसले. त्यानं कुलूप काढून अडगळीत टाकलं आणि विहिरीभोवती काटेरी फांद्या रचल्या. मूलबाळ नव्हतं. शेजारी एकच घर, दूधवालीचं. तिला त्यानं सांगितलं होतं की बायकोचे गुडघे धरलेत, म्हणून ती बाहेर पडत नाही.

आता अशा माणसानं चूल कधी पेटवायची, मक्याला पाणी कधी द्यायचं आणि न्हाणीत कधी जायचं? जीव सारखा टांगणीला. न्हाणीत गेला तरी अंगावर दोन तांबे ओतून ओल्या अंगानं बाहेर यायचा.

एक दिवस बायकोला दुपारची झोप लागलेली पाहून तो धान्याच्या व्यापाऱ्याकडे मका विकायला गेला. व्यापारी गादीवर बसून चहा पीत होता आणि समोरच्या पडद्यावर चार चौकोनांत त्याच्या गोदामाचे चार कोपरे दिसत होते. मानही न हलवता त्यानं एका हमालाला ओरडून सांगितलं की मागच्या बाजूचं पोतं फाटलंय. मोजणीदार मक्याचा भाव विचारायचाच विसरला. त्याच पावली तो बाजारातल्या कॅमेऱ्याच्या दुकानात गेला.

दुकानदार पस्तिशीचा, तोंडही सारखं चालू आणि हातही. कॅमेरेवाला म्हणूनच सगळा बाजार त्याला ओळखायचा. त्यानं मोजणीदाराला स्टुलावर बसवलं आणि पहिलाच प्रश्न केला, "काका, काय गेलं?"

दुकानात येणारं प्रत्येक गिऱ्हाईक काहीतरी गेल्यावरच यायचं, म्हणून तो असंच विचारायचा. मोजणीदाराला माझी बायको जाते, असं सांगायचं होतं. ते ओठांपर्यंत आलं आणि तिथेच अडलं. सांगितलं की बाजारभर होणार, बाजारातून गावात आणि गावातून धाकटीपर्यंत.

"पंपाची केबल," तो म्हणाला.

झाकपाक त्यानं आधीही केली होती, पण न घडलेल्या गोष्टीचं माप जन्मात आज पहिल्यांदा दिलं होतं.

मग कॅमेरेवाल्याला तोंड फुटलं. विनातारेचे कॅमेरे घेऊ नका, तुमच्या घराच्या भिंती हातभर जाड असणार, लहर पोचायची नाही. उन्हावर चालणारे घेऊ नका, ढगाळ दिवस आला की ते झोपतात आणि चोर जागा असतो. गोल घुमटासारखे दिसायला देखणे, पण बाहेर लावायचे असतील तर लांबट नळीचेच बरे, वर पत्र्याची टोपी असते, पाऊस-धूळ डोळ्यात जात नाही. अंधारात दिसेल का, तर दिसेल, पण काळं-पांढरं. किती लांबचं दिसेल, तर विहिरीपर्यंतचा माणूस ओळखू येईल, त्यापुढचा नुसता माणूस आहे एवढं कळेल. मोजणीदारानं प्रत्येक गोष्ट फूट आणि इंचात विचारली. भिंतीपासून किती उंचीवर, किती अंशात, जवळचं किती सुटेल. कॅमेरेवाला म्हणाला की भिंतीलगतचं चार-पाच फूट दिसत नाही, पण चोर काय तुमच्या भिंतीतून उगवणार आहे?

मोजणीदार हसला. हसू कसलं, तोंड वेडंवाकडं झालं एवढंच.

बसवायला कॅमेरेवाला आला त्या दिवशी कोरडा वारा सुटला होता. नांगरलेल्या रानातली माती उडून दारा-खिडक्यांवर बसत होती, दातांखाली करकरत होती. त्यानं शिडी लावली, भिंतीला भोकं पाडली, तारा नळीतून ओढून घेतल्या. मोजणीदारानं आदल्या दिवशीच घराचा नकाशा काढून ठेवला होता. सगळी मापं आणि चार जागी फुल्या. मागच्या दारावर दोन फुल्या होत्या.

"मागं दोन कशाला?" कॅमेरेवाल्यानं विचारलं. "चोर पुढच्या रस्त्यानं येणार."

"मागं विहीर आहे," मोजणीदार म्हणाला. "पंप तिथंच."

हे पटण्यासारखं होतं. पण कॅमेरेवाल्यानं फुल्यांच्या जागी कॅमेरे बसवले आणि तोंडं सगळी बाहेर, शेताकडे केली. एकाचं विहिरीकडे, एकाचं मक्याकडे. दाराकडे एकही नाही. दार दाखव म्हणावं असं मोजणीदाराच्या मनात होतं. पण चोराची गोष्ट सांगून बसलेल्या माणसानं स्वतःच्याच दाराकडे कॅमेरा वळवायला कसं सांगावं?

बायको त्या वेळी ओट्यावर बसून शिडीकडे पाहत होती. कॅमेरेवाल्यानं काकू म्हणून हाक मारली तर तिनं त्याला फार मायेनं विचारलं, जेवून आलास का? तो म्हणाला, हो काकू. पाच मिनिटांनी तिनं तेच विचारलं. तो म्हणाला, हो काकू, जेवलो. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्यानं हातातला स्क्रू तसाच धरून मोजणीदाराकडे पाहिलं. मोजणीदार नकाशात तोंड खुपसून बसला होता.

शेवटी घंटीची गोष्ट निघाली. कॅमेऱ्यासमोर काही हललं की फोनवर घंटी वाजायची सोय होती. पण वाऱ्यानं मक्याची पानं हलत होती आणि फोन सारखा वाजत होता. कॅमेरेवाला म्हणाला, याला उपाय आहे. पडद्यावर रेघ मारायची. रेघ ओलांडली तरच घंटी. मोजणीदारानं स्वतःच्या बोटानं ती मारली, विहिरीच्या अलीकडे पाच हातांवर, घराला समांतर. आयुष्यभर मारलेल्या रेघांइतकीच सरळ.

"आता दिशा सांगा," कॅमेरेवाला म्हणाला. "बाहेरून आत येणाऱ्याची घंटी तर हवीच. आतून बाहेर जाणाऱ्याची नको ना? दिवसभर तुम्हीच ये-जा करणार, डोकं उठेल तुमचं."

वारा थांबल्यासारखा झाला. मोजणीदारानं पडद्यावरच्या रेघेकडे पाहिलं. एवढ्याचसाठी तर सगळं केलं होतं. हवी, असा एक शब्द बोलायचा होता. पण हवी म्हटलं की का हवी हे आलंच. मघाशी हातात स्क्रू धरून पाहणाऱ्या त्या पोराला अर्धं कळलंच होतं. उरलेलं अर्धं आपल्या तोंडून जायला नको, असं त्याला वाटलं.

"नको," तो म्हणाला.

त्यानं स्वतःची समजूत घातली, की मी पडदा डोळ्यांत तेल घालून बघेन, घंटी कशाला लागते?

चोराची बातमी गावात पोचायला दोन दिवसही लागले नाहीत. कोणी म्हणालं, उंच आहे. कोणी म्हणालं, बुटका, पण पळतो हरणासारखा. सुतारानं तर त्याला पाहिलंच होतं, अंगात काळा कोट. मोजणीदाराच्या केबलमागोमाग एकाची कोंबडी गेली, एकाची घमेली गेली, आणि जे वर्षापूर्वी हरवलं होतं तेही चोराच्या नावावर लागलं. दूधवाली आपल्या गोठ्याला साखळी घालायला लागली. सकाळी दूध द्यायला आली की म्हणायची, "भाऊ, तुमचे चार डोळे आहेत म्हणून आम्हाला झोप लागते." मोजणीदार दुधाचं भांडं घेऊन लगेच आत वळायचा.

आणि घंटी वाजायची. दूधवाली आली की वाजायची. कुत्रं आलं की वाजायची. बायकोला विहिरीकडून परत आणताना, ती आत येताना वाजायची. बाहेर जाताना कधीच नाही. पहिले आठ दिवस तो पडद्यासमोरून उठला नाही. जेवण करपलं, मका सुकायला लागला. दोनदा त्यानं फोनवरची ती सोय उघडून दिशा स्वतः बदलायचा प्रयत्न केला, पण ती सांकेतिक शब्द मागायची आणि तो कॅमेरेवाल्याकडे होता. त्याला फोन करायचं मनात आलं की प्रश्न उभा राहायचा, काय सांगून मागायचा? उद्या करू, म्हणत दहा दिवस गेले.

अकराव्या दिवशी दुपारी त्याला वाटलं, धाकटीचं उत्तर आता लिहूनच टाकावं. बायको आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. घातलेल्या घड्या मोडून ती पुन्हा घालायची, त्यात तिचा तास जायचा. तो पडद्याशेजारी कागद घेऊन बसला. 'ती बरी आहे,' त्यानं लिहिलं. फाडलं नाही. पुढे लिहिलं, 'वय झालं, थोडं विसरायला होतं, काळजीचं कारण नाही.' हे वाक्य त्यानं चार वेळा खोडून चार वेळा लिहिलं. शेवटी ते खरं वाटेल इतकं गुळगुळीत झालं. मग खाली सही करायची, तर हात उठेना. कागदाकडे बघत तो किती वेळ बसला कोणास ठाऊक. फोन गप्प होता. गप्प आहे म्हणजे सगळं ठीक आहे, असं त्याच्या मनानं केव्हाच धरून घेतलं होतं.

उठून आत गेला तर घड्या घातलेले कपडे खाटेवर होते आणि मागचं दार सताड उघडं होतं.

तो आधी विहिरीकडे धावला. काटेरी फांद्या एका जागी बाजूला सरकलेल्या होत्या. वाऱ्यानं की हातानं, काही कळेना. कठड्यावर पोटावर वाकून त्यानं खाली पाहिलं. पाणी खोल आणि काळं होतं, वर वाळलेल्या पानांचा थर. तो थर फुटला आहे का, एवढंच तो पाहत राहिला. फुटला नव्हता, पण वाऱ्यानं पुन्हा जुळलाही असेल. तो धावत पडद्यापाशी आला. चार चौकोन, चारही रिकामे. घडून गेलेलं मागाहून कसं बघायचं, हे त्यानं कधी विचारूनच घेतलं नव्हतं.

त्यानं कॅमेरेवाल्याला फोन लावला. तो पलीकडून म्हणाला, "बोला काका, आला का चोर?"

"चोर नाही," मोजणीदार म्हणाला. "चोर कधी नव्हताच. माझी बायको गेली आहे. तिला काही आठवत नाही. घरही आठवत नाही. ती मागच्या दारानं गेली आणि मला घंटी वाजली नाही, कारण मी नको म्हणालो होतो."

कॅमेरेवाल्याचा आवाज अगदी वेगळा होऊन आला. "फोन ठेवू नका काका. मी इथूनच बघतो." बटणांचा आवाज येत राहिला. मोजणीदाराच्या कपाळावरून धूळ मिसळलेला घाम डोळ्यांत उतरत होता. "दिसल्या. दोन वाजून दहा मिनिटं. विहिरीपाशी थांबल्यात... थांबल्यात... आता पुढे गेल्या. ऐकताय ना? पुढे गेल्या, मक्यात. विहिरीत नाही. काका, विहिरीत नाही."

घड्याळात साडेतीन झाले होते.

मोजणीदार तसाच अनवाणी दूधवालीच्या गोठ्यात गेला. ती शेण भरत होती. त्यानं तिला सगळं एका दमात सांगितलं, गुडघ्यांचं खोटं, केबलचं खोटं, चार महिन्यांचं सगळं. त्याला वाटलं होतं ती आता शिव्या घालेल, साखळ्या घालायला लावल्यात म्हणेल. तिनं हात घमेल्यातल्या पाण्यात धुतले आणि म्हणाली, "वहिनींचं मला कधीचंच ठाऊक आहे, भाऊ. मला रोज नव्यानं नाव विचारतात. तुम्ही बोलत नव्हता म्हणून मी बोलत नव्हते." मग पुढे झाली आणि म्हणाली, "चला. मक्यात तुम्ही पाणी सोडलंय ना? मग पावलं उमटलेली असतील."

मक्याच्या अर्ध्या तुकड्याला त्यानं सकाळीच घाईघाईनं पाणी दिलं होतं. चिखलात पावलं होती, लहान, एकामागोमाग एक, कुठेही न अडखळलेली. दूधवाली वाकून पुढे चालत होती, तो तिच्या मागे. पानं तोंडावर सपासप लागत होती. मका संपला, तिथे कोरडं रान लागलं आणि पावलं हरवली. दूधवालीनं हाकाटी केली. टेकडीकडून सुतार आला, मागून कॅमेरेवाला दुकान तसंच टाकून मोटरसायकलवरून आला. काळ्या कोटातल्या चोराबद्दल सुतारानं एक शब्द काढला नाही. ते बांधाबांधानं पांगले.

ऊन उतरायला लागलं तेव्हा दूधवालीची हाक आली. तिसऱ्या शेतात, कोणाच्या तरी कांद्याच्या वाफ्यात ती बसली होती. तिथेही नुकतंच पाणी दिलेलं होतं. कोपरापर्यंत चिखल, आणि हात झपझप चाललेले. ती तण काढत होती. चार वाफे अगदी स्वच्छ झालेले, तणाचे ढीग बांधावर ओळीनं ठेवलेले. कांद्याची एक पातसुद्धा मोडलेली नव्हती. पंचवीस वर्षांपूर्वी त्यांच्या स्वतःच्या शेतात कांदा असायचा तेव्हा ती असंच करायची.

मोजणीदार वाफ्याच्या कडेला उभा राहिला. छाती भात्यासारखी वरखाली होत होती. तिनं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, पायांकडे पाहिलं, आणि कामावर आलेल्या सरकारी माणसाशी बोलावं तशा अदबीनं म्हणाली, "मोजणी उद्या करा हो, मोजणीदार. आज वाफे ओले आहेत. साखळी रुतेल."

तो चिखलात खाली बसला. नवरा म्हणून तिच्यापाशी तो उरला नव्हता, मोजणीदार म्हणून मात्र शिल्लक होता. "बरं," तो म्हणाला. "उद्या करू. तुम्ही उठा आता, उजेड जाईल." आणि तो तिला तुम्ही म्हणाला म्हणूनच की काय, ती लगेच उठली.

कॅमेरेवाल्यानं दुसऱ्या दिवशी सकाळी शिडी पुन्हा लावली. मागच्या भिंतीवरचा एक कॅमेरा काढून त्यानं दूधवालीच्या गोठ्याच्या खांबावर, मोजणीदाराच्या मागच्या दाराकडे तोंड करून बसवला. मग फोन हातात घेऊन दिशेचं विचारायला तो मोजणीदाराकडे वळला, पण विचारलं नाही. स्वतःच आतून बाहेर जाणाऱ्याची घंटी लावून टाकली आणि दूधवालीच्या फोनवरही जोडून दिली. ती म्हणाली, "आता माझं डोकं उठेल, उठू दे." सांकेतिक शब्द त्यानं एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून पडद्याशेजारी चिकटवला.

घंटी दुपारपर्यंत नऊ वेळा वाजली. नऊही वेळा मोजणीदार धावला. दहाव्यांदा वाजली तेव्हा त्याला उठता आलं नाही. आता त्याचे स्वतःचे गुडघे खरोखरच धरले होते. दूधवाली कुंपण ओलांडून पळत आली आणि तिनं बायकोला विहिरीच्या अलीकडे अडवून हाताला धरून आणलं. त्या वेळी त्याला कळून चुकलं की घंटी नुसती सांगते. धावायला माणूस लागतो, आणि धावणारा माणूस त्याच्यात फार दिवस उरणार नव्हता. दूधवालीला तिची गुरं होती, तिचं घर होतं.

त्यानं आदल्या दुपारचा गुळगुळीत केलेला कागद शोधून चुलीत घातला. नवा घेतला. या वेळी खाडाखोड करावी लागली नाही.

'तू विचारलंस त्याचं उत्तर, नाही. तिला काही आठवत नाही. तूही आठवणार नाहीस. काल ती पाऊण मैल लांब, दुसऱ्याच्या शेतात सापडली. दोन वाजून दहा मिनिटांनी गेली आणि मला साडेतीनला कळलं. चूक माझी होती. तिला घेऊन जाऊ नको, एवढंच मागणं आहे. इथल्या मातीत तिचे हात अजून चालतात. पण मला एकट्याला होत नाही. तू इथे ये. जमेल तितके दिवस ये. येऊन न्यायचंच ठरवलंस तर मी आडवा पडणार नाही, पण आधी चार दिवस राहून तिला बघ.'

खाली त्यानं सही केली आणि पाकीट चिकटवलं.

दूधवालीला त्यानं घटकाभर ओट्यावर बसायला सांगितलं. ती बायकोपुढे शेंगांची टोपली ठेवून बसली. दोघी सोलायला लागल्या. बायकोनं तिला नाव विचारलं आणि तिनं सांगितलं.

टपालाची पेटी गावाच्या मध्यावर, शाळेच्या भिंतीला. वाटेत सुतार भेटला, त्यानं वहिनी कशी आहे म्हणून विचारलं. मोजणीदार थांबून म्हणाला, बरी नाही. इतकी वर्षं ओळख असून त्या दोघांनी एवढं कधी एकमेकांना सांगितलं नव्हतं. सुतार त्याच्याबरोबर पेटीपर्यंत चालत आला.

पेटीच्या फटीत पाकीट अर्धं गेलं आणि मोजणीदाराची बोटं ते सोडीनात. लांबून शाळेतल्या मुलांचा पाढ्यांचा आवाज येत होता. एक पाढा संपेपर्यंत तो तसाच उभा राहिला. मग त्यानं बोटं उघडली आणि पाकीट आत पडल्याचा आवाज नीट ऐकून घेतला.